प्रेमिलाबाईची साक्ष

इतवारीच्या धान्यबाजारात फाटकी पोती शिवणारी प्रेमिला भेटेल त्याला येशूबद्दल सांगायची. पोत्यात दाभण खुपसता खुपसता विचारायची, “भाऊ, तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू?”

माल भरायला थांबलेले टेम्पोवाले, हमाल आधी हसायचे. पण आपल्यासाठी कोणी देवाजवळ मागतंय म्हटलं की भलाभला पाघळतो. कोणी बायकोचं दुखणं सांगे, कोणी स्वतःची दारू. दर रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब तिला उभी करून म्हणत, “साक्ष द्यावी तर आमच्या प्रेमिलाबाईंनी!” बिचारे पाळकसाहेब! बाईच्या पोटात काय शिजतंय याचा त्यांना वासही नव्हता. प्रेमिला तिथे एका माणसाला पकडायला बसली होती.

सहा वर्षांपूर्वी खाप्याच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याला, शांतवनला, एका टेम्पोनं उडवलं आणि टेम्पो पळाला. मागे राहिली वाकडी सायकल, टेम्पोतून सांडलेली तूरडाळ आणि शांतवनच्या चपला. त्या चपला रस्त्याच्या कडेला जोडीनं लावलेल्या होत्या, दारात काढून ठेवाव्यात तशा. एवढी डाळ इतवारीतूनच निघाली असणार, म्हणून शाळेतली आयाची नोकरी सोडून ती इथे पोती शिवायला बसली. चपलांचं मात्र तिनं कोणालाच सांगितलं नाही, पोलिसांनाही नाही. ती खूण तिनं स्वतःसाठी राखून ठेवली होती.

आणि येशूच्या गोष्टीला तिनं पदरचं एक वाक्य जोडलं होतं. “नुसतं देवाले सांगून भागत नाही गा. ज्याचं घर मोडलं, त्याच्या दारात जा लागते.” हे काही पाळकसाहेबांनी शिकवलेलं नव्हतं. तो तिचा गळ होता.

मे महिन्याच्या एका दुपारी पन्नाशीचा एक टेम्पोवाला तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. नाव सांगितलं, नत्थू.

“मावशी, त्या येशूवाल्या तुम्हीच ना?”

“मीच. काहून गा?”

“खाप्याच्या एका हमालाले तुम्ही सांगितलं म्हणे, दारात जा लागते. त्यानं मले सांगितलं. तवापासून मले झोप नाही. एका बाईचं दार शोधून राहिलो मी. तिचं नाव माहीत नाही. तिचा माणूस तुमच्यातला होता, गळ्यात क्रूस होता त्याच्या.”

प्रेमिलाचा हात पोत्यातच थांबला.

“माह्या गाडीखाली आला तो. मी उतरलो. जिवंत होता, मावशी. पाणी मागून राहिला होता. मी म्हटलं, आणतो. त्याच्या चपला उडाल्या होत्या. त्या उचलून कडेले नीट ठेवल्या, काहून ठेवल्या देव जाणे. अन् गाडीत बसून पळालो.”

जागीच गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या एका शब्दाच्या आधारावर तिनं सहा वर्षं काढली होती, आणि या मेल्यानं तोही काढून घेतला. हातातलं दाभण याच्या गळ्यात खुपसावं असं तिला वाटलं. अगदी तसंच वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

“ते बाई मले माफ करन का, मावशी?”

“तिचं दार मले माहीत आहे,” ती उठत म्हणाली. “चाल, नेते.”

टेम्पो तोच होता. शेजारच्या सीटवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. खाप्याच्या रस्त्याला, शांतवन पडला होता तिथला कडुनिंब आला, तशी नत्थूनं गाडी हळू केली आणि रडायलाच लागला. “येशू तरी मले माफ करन ना?”

“करन. त्याले दुसरं काय येते?”

त्या क्षणी तिला येशूचाही राग आला. शिकार तिनं करायची आणि यानं तिच्याच तोंडून नत्थूला धीर द्यायचा!

ठाण्यासमोर तिनं गाडी थांबवायला लावली.

“मावशी, हे तर पोलीस ठाणं आहे.”

“तिचं दार हेच. सहा वर्षं याच पायरीवर येऊन बसून राहिली ते.”

तिनं पदराखालचा क्रूस बाहेर काढला. तो नत्थूनं एकदा शांतवनच्या गळ्यात पाहिलेला होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. पळायला रस्ता मोकळा होता, गाडीची किल्लीही त्याच्याच हातात होती. तो पळाला नाही. मयतीच्या घरी जावं तशा त्यानं पायरीवर चपला काढल्या आणि आत गेला.

हवालदारासमोर त्यानं सगळं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. प्रेमिला दारात उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होती. मग हवालदारानं त्याला बाकावर बसवलं. नत्थूनं ओठांवरून जीभ फिरवली.

“मावशी, घसा कोरडा पडला. घोटभर पाणी द्या ना.”

तिच्या पिशवीत बाटली होती, काठोकाठ भरलेली.

“आणते,” ती म्हणाली.

ती बाहेर आली. पायरीवर त्याच्या चपला एक इकडे, एक तिकडे पडल्या होत्या. तिनं वाकून त्या उचलल्या आणि कडेला जोडीनं नीट लावल्या. मग पिशवी छातीशी धरून ती बसस्टँडकडे चालू लागली.