न उडणारं काडतूस

मित्रांनो, मी रायफलचं काडतूस आहे, पण घाबरू नका. माझ्या पोटात दारू नाही आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपीही नाही. कुणी मला चुकून खरं समजू नये म्हणून माझ्या अंगाला आरपार भोक पाडलेलं आहे. माझी भावंडं एकेक करून नळीतून निघून गेली, आणि मी मात्र अमेरिकेत, माँटानातल्या ऑरिन हॉगलंडच्या गॅरेजमध्ये, कॉफीच्या रिकाम्या डब्यात म्हातारा झालो.

मी नमुना आहे. ऑरिनने नवी रायफल घेतली तेव्हा सगळ्यात आधी मला घडवलं. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, तोंडात गोळी हलकेच अडकवून त्याने मला नळीत सरकवलं, गोळी नळीच्या आत कोरलेल्या पिळांना कुठे टेकते ते पाहिलं, आणि मग ती केसभर मागे घेऊन कायमची बसवली. तेवढी माझी लांबी. त्या रायफलीची बाकी सगळी काडतुसं माझ्याएवढी व्हायची.

लांबी मोजायची त्याची रीत ठरलेली होती. गोळीच्या टोकापर्यंत तो कधीच मोजत नसे, कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकं सारखी नसतात. कॅलिपर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून मोजायचं साधन, त्याच्या जबड्याला तो एक छोटं कडं लावायचा. ते गोळीच्या उतारावर, जिथे ती अंगाने भरते तिथे, जाऊन बसायचं. त्याची मुलगी मार्ला लहान असताना तिने एकदा टोकापासून मोजायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला होता, "माणसाची उंची टोपीसकट मोजतात का गं? आणि चिमटू नकोस त्याला. नुसतं टेकव."

दर शरदात, शिकारीच्या हंगामाआधी काडतुसं भरायला बसताना तो जबडे पुसायचा, मिटून शून्य बघायचा, आणि पहिलं माप माझं घ्यायचा. माझा आकडा त्याला तोंडपाठ होता. तो जुळला की मग बाकीची. मला त्या वेळी फार बरं वाटायचं. वर्षभर डब्यात पडून राहणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

पुढे ऑरिनचे गुडघे गेले. डोंगर चढणं थांबलं आणि रायफल मार्लाकडे आली. ती गावातल्या टपाल कचेरीत काम करते, पण हंगामात एल्क मारून आणण्यात बापापेक्षा कमी नाही. सांबरासारखा पण त्याहून थोराड असा तो प्राणी. एक मिळाला की हिवाळाभर दोन्ही घरांना मांस पुरतं. काडतुसं मात्र अजून ऑरिनच भरायचा. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

मग नजरही अधू झाली. जुन्या कॅलिपरचा काटा दिसेना. मार्लाने त्याच्या वाढदिवसाला नवीन आणलं, मोठ्या आकड्यांचं, त्याचं स्वतःचं कडं असलेलं.

"बघ बाबा, चष्म्याशिवाय दिसतंय की नाही?"

"दिसतंय तर! रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा दिसेल."

तो खूश होऊन कामाला बसला. सवयीने त्याने मला डब्यातून उचललं आणि जबड्यापाशी नेलं. मार्ला मागे उभी होती.

"नवं कॅलिपर तपासायचं कशाला? कारखान्यातून तपासूनच येतं ते."

ऑरिनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग मला परत डब्यात ठेवलं.

"सवय, दुसरं काय," तो म्हणाला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलेलं आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मार्लाला समोरच्या उतारावर कळप दिसला. जवळ जायला मधलं कुंपण ओलांडायचं होतं, म्हणून तिने नियमाप्रमाणे रायफल रिकामी करायला घेतली. पुंगळी बाहेर आली आणि गोळी नळीतच रुतून बसली. दारू सगळी रायफलीच्या यंत्रात सांडली. कळप निघून गेला. काडतूस लांब झालं होतं, आणि गोळी पिळांत घट्ट बसली होती.

"आता पुरे, बाबा. पुढच्या वर्षीपासून दुकानातली आणू," मार्ला म्हणाली.

ऑरिन एरवी हवामानावरूनही भांडणारा माणूस. त्या दिवशी तो फक्त "बरं" म्हणाला. मित्रांनो, ते "बरं" मला अजून सलतं. आपलाच हात गेला, असं त्याने मनोमन मान्य करून टाकलं होतं.

त्याने सगळं सामान शेजारच्या गसला द्यायचं ठरवलं. रविवारी चर्चनंतर गस आला. ऑरिनची बायको व्हर्ना कॉफी घेऊन गॅरेजमध्ये आली. मार्ला खोकी भरत होती. गसने नवं कॅलिपर हातात घेतलं, आणि ते कसं चालतं ते बघावं म्हणून मलाच त्यात धरलं.

"काय रे, याचा आकडा किती?"

ऑरिनने सांगितला.

"मग लेका, तुझी आठवणपण गेली. इथे कमी दिसतोय."

कुणी हसलं नाही. ऑरिन खुर्चीतून उठला.

"कडं पूस. परत लाव."

परत तोच आकडा आला. तेव्हा व्हर्नाने भरलेल्या खोक्यातून जुनं कॅलिपर काढलं, चष्मा नाकावर ओढला, मला त्यात टेकवलं आणि आकडा वाचला. ऑरिनने सांगितलेलाच होता, तंतोतंत.

गसने दोन्ही कडी काढून खिडकीच्या उजेडात एकावर एक धरली. नव्याचं तोंड किंचित रुंद होतं.

"हे गोळीवर जास्त खाली बसतंय, म्हणून लांबी कमी दाखवतंय," तो सावकाश म्हणाला. "आणि तू आपला आकडा गाठायला प्रत्येक गोळी बाहेर ठेवत गेलास. कडं वाईट नाही रे. त्याचा आकडा वेगळा आहे, एवढंच."

मार्ला खोक्यावरच बसली. "तू याला लावून बघणार होतास. मी थांबवलं तुला."

"तू कुठे थांबवलंस? मीच थांबलो. पोरीने हौसेने आणलेली वस्तू. तिच्यासमोर तपासायला बसलो तर तिला काय वाटेल, असं आलं मनात."

"आणि आम्ही तुला मोडीत काढलं, ते कुणी तपासलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑरिनने तिच्याकडे न बघता माझ्या अंगावरून अंगठा फिरवला. त्याचा अंगठा थरथरत होता, हेही खरंच आहे.

गस काडतुसं भरायच्या प्रेसचं वजन हाताने अजमावत म्हणाला, "माझ्या गाडीत जागा नाही आज." त्याची गाडी अख्खी रिकामी होती.

त्या वर्षी घरात एल्कचं मांस आलं नाही. गसने थोडं दिलं, बाकी विकत आणलं. उरलेली काडतुसं बापलेकीने बसून एकेक उकलली. ती संपल्यावर ऑरिनने टेबल पुसलं.

"आता आधी नमुना. नव्या कड्याचा नवा आकडा," तो म्हणाला. "मग मी भरणार. आणि मी भरलेलं प्रत्येक काडतूस तू मोजायचंस."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. डोळे माझे खरंच गेलेत गं. या वेळी माझी चूक नव्हती, पुढच्या वेळी असेल."

मार्लाने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने मला जबड्यात धरलं. चिमटलं नाही, नुसतं टेकवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा थरथरता हात असेल. त्याच्या कामावर नजर ठेवा, खुशाल ठेवा, तो रागावणार नाही. पण काही बिघडलं, तर त्याच्या हातातली वस्तू काढून घेण्याआधी माझ्यासारखा एखादा जुना नमुना शोधा आणि आधी तुमचं माप तपासा.