कडुनिंबावरचं भांडण

झाडं छाटण्याचा धंदा करणारा भिकन साळवे उभ्या आयुष्यात कधी झाडावरून पडला नाही. पडला तो घरातल्या स्टुलावरून, पंखा पुसताना. पाय मोडला, जुळलाही, पण संघर्षने, त्याच्या मुलाने, फर्मान काढलं: बाबांनी आता झाडावर चढायचं नाही, खाली उभं राहून दोर धरायचा. याला काय न्याय म्हणायचं? गुन्हा स्टुलाचा आणि बंदी झाडावर! भिकनचा जीव वर जायला तळमळायचा, आणि वर जायची त्याची सून.

स्नेहा चढायची मात्र झकास. हे भिकन मनात कबूल करायचा, तोंडाने नाही. त्या सकाळी नाशिकरोडला लंकाबाईंच्या अंगणातल्या कडुनिंबावर ती कमरेला पट्टा बांधून सरसर वर गेली. गच्चीवरच्या टाकीला टेकलेल्या फांद्या तेवढ्या उतरवायच्या होत्या. संघर्ष टेम्पो घेऊन पिंपळगावला गेलेला. अशी संधी पुन्हा कुठली मिळायला? भिकनने वाद उकरून काढला.

वाद तसा जुनाच. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. स्नेहाचं म्हणणं, ते राखून कापायचं, म्हणजे झाड आपली जखम आपणच भरतं. भिकनचं म्हणणं, बुंध्याला घासून गुळगुळीत कापायचं आणि वर शेण लिंपायचं. शिवाय शेंडाही उडवायचा, म्हणजे झाड गप्प बसतं. गप्प कसलं बसतंय, स्नेहा म्हणाली, चवताळून ढीगभर कोंब फोडतं, आणि तेही कच्चे. लंकाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या खुर्ची टाकून तिथेच बसल्या. टीव्हीपेक्षा हे बरं होतं.

स्नेहाने कुठल्याही फांदीला करवत लावली की भिकन खालून नाही म्हणे. ही नको, ती घे. ती नको, आधी पलीकडची. शेवटी ती वैतागली.

"मामा, खालून तुम्हाला काय दिसतंय?"

"तेच तर म्हणतो मी. खालून काय बी दिसत नाय. वर येऊनच दाखवतो."

स्नेहाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती उतरली, संघर्षला सांगायचं नाही अशी लंकाबाईंना शपथ घातली, सासऱ्याच्या कमरेला स्वतः पट्टा आवळला, गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि दोर हातात घेतला.

आणि भिकन वर गेला! गुडघे कुरकुरले, पण हात काही विसरले नव्हते. बेचक्यात बसून त्याने मान वर केली तर गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी, लांबवर पांडवलेणीचा डोंगर. वाऱ्याने झाड हललं, त्याच्यासोबत तोही हलला, आणि गुदगुल्या झालेल्या पोरासारखा एकटाच खदखदून हसायला लागला. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

बराच वेळ गेला. तो काही कापेना, की उतरेना.

"मामा, तुमचंच बरोबर," स्नेहा म्हणाली. "घासूनच कापू. उतरा आता."

भिकन चपापला. वाद मिटला तर वर बसायचं कारणच संपलं.

"नाय नाय, तुझंच बरोबर हे. कडं राखूनच कापायचं."

"मग शेंडा तरी उडवा."

"शेंड्याला हात लावायचा नाय. लय कच्चे कोंब फुटतील."

आता ती त्याची बाजू घेऊन भांडत होती आणि तो तिची. भांडता भांडता त्याने टाकीवरच्या फांद्या उतरवल्यादेखील, कडं राखून, अगदी तिच्या पद्धतीने. कोण कुणाच्या बाजूने आहे हे लंकाबाईंना कळेनासं झालं. स्नेहाला हसू आवरेना, पण दोर तिने ढिला पडू दिला नाही.

फांद्या संपल्या. कापण्यासारखं काही उरलं नाही, तरी भिकन बेचक्यात तोंड पाडून बसून राहिला. एकदा उतरलो की पुन्हा कोण चढू देणार, या विचाराने त्याला रडूच यायचं बाकी होतं.

स्नेहाने दोराला हलकासा हिसका दिला.

"मामा, उद्या सायखेड्याची चिंच छाटायची आहे. तिच्यावरून आपलं अजिबात पटणार नाही."

मग दोर हलला. भिकन उतरायला लागला, आणि अर्ध्यावरूनच त्याने बजावलं, की चिंचेचा शेंडा तो उडवणार म्हणजे उडवणारच.