अकरा नंबरची तिरपी रेघ

सकाळी दहाला सभागृहाची दारं आतून बंद झाली आणि ओस्ला टेबलाशी आली. एकतीस वर्षं ती स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडच्या या टोकाच्या बेटावर ऑगस्टच्या जत्रेत विणकामाची परीक्षक होती. बेटावरच्या बाया गुरांच्या डॉक्टरला घाबरत नसतील तेवढ्या तिला घाबरत. आज मात्र घाबरली होती ती स्वतः, आणि त्याला कारण होता तिनेच घालून दिलेला रिवाज. नव्या नमुन्यांतून निवडीत उरलेले शेवटचे तीन स्वेटर परीक्षकाने स्वतः अंगात घालायचे. हात उंचावून रंगमंचाच्या पडद्याची खुंटी धरायची, वाकून जमिनीला बोटं लावायची, वल्ही मारल्यासारखे हात फिरवायचे. काचेल किंवा वर सरकेल तो स्वेटर बाद.

जानेवारीत मेंढ्यांना चारा टाकताना ती बर्फावरून घसरली होती. तेव्हापासून तिचा डावा खांदा दोन बोटं खाली उतरला होता आणि हात छातीच्या वर जात नव्हता. डोक्यातून घालायचे सगळे स्वेटर पेटीत गेले होते. पुढून बटणांचा कोट घालायचा, ताठ चालायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असे सात महिने तिने काढले होते. खांद्याचं कळलं की परीक्षकाची खुर्ची जाणार, आणि ती गेल्यावर या बेटावर आपण कोण, हे ओस्लाला अजिबात ठाऊक नव्हतं.

"यंदा शेवटचे तीन तू घाल," ती रोनाला म्हणाली. रोना तिच्या चुलतबहिणीची मुलगी. फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करणारी, खांद्यांनी भक्कम, आणि दरवर्षी टेबलावर मदतीला.

"मी? का गं मावशी?"

"केस विस्कटतात माझे."

"तुझे? ते वादळातसुद्धा जागचे हलत नाहीत!"

"नियमात 'परीक्षकाने' असं लिहिलंय," कोपऱ्यातून मॅग्नी म्हणाला. तो जत्रेचा चिटणीस. शाळेत ओस्लाच्याच वर्गात होता आणि तेव्हापासूनच नियमांचा किडा. "आणि ते तूच लिहायला लावलंस, ओस्ला."

"मग मीच मोडते. तू चहा पी गुपचूप."

टेबलावर सतरा स्वेटर मांडले होते. त्यांवर फक्त नंबर, नाव कुणाचंच नाही. अर्थात हा सगळा देखावाच. बेटावरच्या प्रत्येकीचा हात ओस्लाला टाक्यांवरून कळायचा. पाचव्या स्वेटरवर समुद्रपक्षी होते, पण इतके लठ्ठ की त्यांनी उडायचं नाव काढू नये. आठव्याचा गळा दिसायला देखणा, पण त्यातून डोकं बाहेर काढायला सुईण बोलवावी लागली असती. नवव्याच्या बाह्या पाहून ती म्हणाली, "हा घालून मटणाचं सूप प्यायला बसलं, तर निम्मं सूप बाहीच पिणार." रोना खिदळत होती आणि चिठ्ठ्या लिहीत होती.

मग अकरावा आला.

त्याला रंग लावलेलाच नव्हता. मेंढ्यांच्या अंगावरचे असतात तेच रंग: तपकिरी, राखी, दुधट. नमुना दगडी बांधाचा. चुन्याशिवाय रचलेले दगड, एकावर एक, ओळीमागून ओळ. ओस्ला वाकून बघत राहिली. एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता, आणि तरीही प्रत्येक दगड शेजारच्याला टेकून नीट बसला होता. बाहीवर बांधाची वाट मनगटापर्यंत उतरत गेली होती. तिने सवयीने स्वेटर उलटा केला. मागून धावणारे धागे पाहूनच तर खरी पारख होते. कुठे गाठ नाही, कुठे ओढ नाही. आतली बाजू बाहेर घालून कुणी चर्चमध्ये गेलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. हजारो स्वेटर तिच्या हातांखालून गेले होते, पण असा एकही नव्हता.

"पण तिरपा आहे की गं हा," रोना म्हणाली.

खरंच होता. दगडांच्या सगळ्या ओळी डावीकडे चढत गेल्या होत्या. पारखायला रोनाने तो लगेच घातला, तर अख्खा बांध एका कुशीवर कलंडलेला दिसायला लागला. डावी बाही लांब, आणि काखेत कापड बोळा होऊन आलेलं.

"वादळात बोटीवर बसून विणला वाटतं कुणी!" मॅग्नी हसला. "काढा बाजूला."

ओस्ला हसली नाही. नवीन धागा जोडताना टोकं सोडवून, थुंकीने एकात एक वळून जोडली होती. बेटावर असं एकच जण करायचं. गिर्झी. बावीस वर्षांपूर्वी ओस्लाने गिर्झीच्या स्वेटरला दुसरा नंबर दिला होता. डावी बाही दोन ओळी लांब, असं चिठ्ठीवर लिहून. त्यानंतर गिर्झीने जत्रेत एकही स्वेटर दिला नाही. चर्चमध्ये ती ओस्लाच्या मागे दोन बाकं सोडून बसायची आणि "बरं आहे ना" यापलीकडे कधी बोलायची नाही.

म्हणजे ही थट्टा होती. बाही लांब म्हणून खोट काढलीस ना, मग घे, अख्खा स्वेटरच वाकडा घे. ओस्लाची कानशिलं तापली. रोनाने स्वेटर काढताच तिने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला, आणि तेवढ्यात तिच्या बोटांना काहीतरी लागलं. डाव्या खांद्यावर, दगडांच्या नक्षीत बेमालूम लपवलेली शिंगाची पाच बटणं. डाव्या काखेत हात हलायला जागा देणारी ऐसपैस चौकोनी कळी. उजवीकडे यातलं काहीच नाही.

ती स्वेटर घेऊन पडद्यामागे गेली.

तिथे नाटकमंडळींचा आरसा होता. तिने कोट काढला, बटणं सोडली, उजवा हात घातला, डोकं घातलं. डावा हात वर करावाच लागला नाही. खांदा उघडा होता, तो आपोआप आत आला. तिने एकेक बटण लावलं आणि आरशात पाहिलं.

ओळी सरळ झाल्या होत्या.

डावीकडे जेवढ्या त्या चढल्या होत्या, तेवढाच तिचा खांदा उतरला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांध पाण्याच्या पातळीसारखा समतल उभा होता. आणि बांधामागे उभी असलेली बाई वाकडी दिसत नव्हती. ओस्लाने हात उचलला. जेवढा जात होता तेवढा तो गेला, आणि स्वेटर तसूभरही वर सरकला नाही. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. गिर्झीने आपल्याला हात लावला नाही, टेप लावली नाही. सात महिने दर रविवारी मागच्या बाकावरून नुसतं पाहिलं, आणि ते बोटांत साठवून घरी नेलं. माणूस माणसाला इतकं बघू शकतं, हे सत्तर वर्षांच्या ओस्लाला ठाऊक नव्हतं.

आता स्वेटर गुपचूप घडी करून बाजूला ठेवला, तर खुर्ची वाचत होती. नंबर द्यायचा तर का दिला ते सांगावं लागणार होतं.

ती स्वेटर घालूनच बाहेर आली.

रोनाच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. "मावशी... तुझा खांदा!"

"जानेवारीपासून असाच आहे. मॅग्नी, मला खुंटी धरता येत नाही. पुढच्या वर्षी दुसरी परीक्षक बघ. आणि हा माझ्या मापाचा आहे, म्हणजे याला नंबर मी देणं बरोबर नाही. तुम्ही दोघं सांगा."

मॅग्नीने तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग डोक्यावरची टोपी काढली. नियमांची वही त्याच्या काखेत होती, पण त्याने ती उघडली नाही. उरलेले सहाही पाहून झाल्यावर पहिल्या नंबरचं लाल कार्ड त्याने स्वतःच तिच्या हातात ठेवलं.

बाराला दारं उघडली. अकराव्या नंबरच्या रिकाम्या जागेवर लाल कार्ड होतं, आणि खाली ओस्लाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हा टेबलावर नीट दिसत नाही. माझ्याकडे पाहा.' आणि अख्खं बेट पाहत होतं. बाया जवळ येत, पण हात लावायला धजत नसत. ओस्ला कोटाशिवाय, उतरलेल्या खांद्यानिशी मध्ये उभी होती.

गिर्झी सगळ्यांत शेवटी आली. तिने मागून स्वेटरचा काठ ओढून सारखा केला, मग पुढे आली.

"डावी बाही दोन ओळी लांब आहे."

"बरोबर आहे ती," ओस्ला म्हणाली. "मी घालून पाहिली."

"तेव्हाही बरोबरच होती. टॅमीचा डावा हात लांब होता, जाळी ओढून ओढून. तो स्वेटर तू स्वतः घालून पाहिलास आणि ठरवलंस. कुणासाठी विणलाय, हे विचारलंच नाहीस."

टॅमीला, गिर्झीच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती. तोच स्वेटर घालून तो दर रविवारी चर्चमध्ये यायचा, मागे दोन बाकं सोडून बसायचा. ओस्लाने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"चुकलं माझं, गिर्झी," ओस्ला म्हणाली. "या रविवारी मी तुझ्या मागे बसते."

"मागे कशाला?" गिर्झी म्हणाली. "तिथून मला तुझा खांदा कसा दिसणार? शेजारी बस."