एका तासाने चुकलेली जन्मतारीख

मी एक जन्मतारीख बोलतेय. १४ जुलै १९४४. रोझविथा कीनलेबाईंची. इतकी वर्षं आम्ही दोघी एकत्र म्हाताऱ्या झालो. ताटातूट केली ती पालिकेने.

पालिकेच्या जुन्या संगणकात मी सुखात होते. वेळ जोडल्याशिवाय तारीख ठेवायला त्याला जमत नसे, म्हणून त्याने माझ्यामागे मध्यरात्रीच्या शून्य तासांचं शेपूट लावलं होतं. ते कुणाला दिसत नसे.

मग नवा डेटाबेस आला. तो साऱ्या जगाला ग्रिनिचच्या घड्याळाने चालवतो. आमचं जर्मनीचं घड्याळ त्याच्यापुढे, कधी एक तास, कधी दोन. सामान हलवताना त्याने प्रत्येकीतून फरक वजा केला. मी तेरा जुलैच्या रात्री दहावर जाऊन पडले. पडद्यावर नुसती तारीख दिसे : तेरा.

पालिकेची शुभेच्छापत्रं घरोघरी एक दिवस आधी पोचली. आमच्याकडे वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं म्हणजे त्या माणसाला तो दिवस दिसू नये असं चिंतणं. पालिकेच्या फोनने पोटभर शिव्या खाल्ल्या.

संगणक विभागातल्या आन्सेल्मने सगळ्यांत एक तास मिळवला. नगराध्यक्षांची तारीख जागेवर आली. "झालं काम!"

"उन्हाळ्यातल्यांचं काय?" शेजारच्या टेबलावरच्या मारायकेने विचारलं. "उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे असतं."

"अगं बाई, ते १९८० पासून. तेव्हापासूनच्यांत आणखी एक मिळवलाय. म्हाताऱ्यांच्या वेळी कुठली आलीत ही थेरं?"

युद्धात आली होती. पण आन्सेल्मने शाळेत युद्धाच्या लढाया पाठ केल्या होत्या, घड्याळं नाहीत. मी तेराच्या रात्री अकरापर्यंत चढले आणि तिथेच लटकले.

तेरा जुलैला नगराध्यक्ष फुलं घेऊन दारात उभे. "रोझविथाबाई, ऐंशीव्या..."

"तोंड मिटा! माझ्या नवऱ्याला एकाने असंच आदल्या दिवशी म्हटलं होतं. केक शेजाऱ्यांना खावा लागला."

"पण आमच्या नोंदीत आजच आहे."

"मी जन्मले तेव्हा तुमची नोंद हजर नव्हती. मी होते."

दार बंद. दिवसभर बाईंनी ना जिन्यावर पाय ठेवला, ना चेरीच्या केकला सुरी लावली. दारावरच्या बेलची त्यांनी वायरच काढून टाकली.

तिकडे मारायके भडकली. "जन्म म्हणजे दिवस रे, गाडीची वेळ नव्हे!" तिने मला जुन्या प्रतीतून पुन्हा उचललं आणि शेपूट छाटून टाकलं. शहाण्यांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या तारखांना नसती शेपटं लावू नका, आणि लावलीच तर हलवताना मोजून हलवा.

चौदाला नगराध्यक्षांनी पुन्हा बेल दाबली. आत चिडीचूप. त्यांच्या हातातली फुलं हळूहळू खाली आली. शेवटी त्यांनी घाबरून दार ठोठावलं.

दार उघडलं. हातात केकची सुरी.

"आहे मी अजून," बाई म्हणाल्या. "हं, आता बोला. काल काय म्हणत होतात?"

मीही आहे अजून.