शेकोटीपाशी ठेवलेली गिटार

मी एक जुनी गिटार आहे. मोंतेव्हिदेओ शहरात, नदीकाठच्या वस्तीत, वाल्देमारच्या खाटेखाली पडून आहे. पोटावर धूळ साचली आहे आणि तारा लोंबत आहेत. मित्रांनो, माझं वय विचारू नका, पण कहाणी ऐका.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. पातळ फळ्या त्याने नुसत्या सरसाने जोडल्या, एकही खिळा मारला नाही. पुढे बऱ्याच हातांतून फिरत मी जुन्या बाजारात, बिघडलेल्या इस्त्र्या आणि मोडक्या खुर्च्यांमध्ये येऊन पडले. तिथून वाल्देमारने मला उचललं.

तीस वर्षं तो गल्लीच्या ताफ्यात मोठा ढोल वाजवत होता. आमच्याकडे ढोलावर एका हाताची काठी पडते आणि दुसऱ्या हाताची उघडी थाप. मांसाच्या कारखान्यात कामाला असताना यंत्राने त्याच्या थापेच्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलं. त्या थोटकाने थाप मारली की तो कळवळायचा. शेवटी त्याने ढोल एल्बियोला, आपल्या जुन्या मित्राला, देऊन टाकला. मग त्याने मला आणलं.

त्याच हाताच्या, अंगठा सोडून उरलेल्या तीन बोटांनी तारा दाबताना त्यांची सालटी निघाली. बायको ग्लादिस येर्बा नावाच्या पाल्याचा कडू काढा नळीने ओढत म्हणायची, "अरे, जरा कुरवाळ तिला. किती बडवशील? ढोल नाहीये तो." आठ महिन्यांत एक गाणं बसलं. एकच, पण पुरतं. एल्बियोने सांगितलं, रविवारी ताफा निघण्याआधी सगळ्यांसमोर ते वाजव. त्या दिवशी वाल्देमारने मला तेलाच्या फडक्याने पुसलं. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

रविवारी हवा दमट होती. खुंट्या पिळूनही सूर लागेना. रस्त्यात खोक्यांची शेकोटी पेटली होती आणि सगळे ढोल तिच्याकडे तोंड करून कलते ठेवले होते, कारण चामडं तापल्याशिवाय ढोल बोलत नाही. वाल्देमारने सवयीने मलाही त्या रांगेत ठेवलं आणि तो गप्पांत रमला. मला ओरडता आलं नाही. सरस मऊ झाला आणि ताणलेल्या तारांनी त्यांना धरून ठेवणारी पट्टीच उपटून काढली.

"गेली," वाल्देमार म्हणाला.

एल्बियोने त्याच्यापुढे काठी धरली. "चल, काठीचा हात तरी आहे ना तुझा?"

"एका हाताने ढोल वाजत नाही, एल्बियो. तुला काय सांगायचं."

ताफा निघून गेला. तो मला काखेत घेऊन घरी आला.

आता रविवारी ढोल वाजू लागले की तो खिडकी लावून घेतो. त्याला वाटतं, मी मेले. आगीने चामडं फाटलं की ते कायमचं जातं, हेच तो आयुष्यभर पाहत आला. मित्रांनो, मी फाटलेली नाही. माझी एक पट्टी निघाली आहे, एवढंच. थोडा सरस लावून दिवसभर वजनाखाली दाबून ठेवलं तर मी पुन्हा बोलेन. पण हे त्याला सांगायलाही मला ताणलेल्या तारा हव्यात.

तुमच्या घरात असं काही मोडून पडलं असेल, तर ते गेलं असं परस्पर ठरवू नका. जाणत्याला विचारा. आणि कधी आमच्या गल्लीतून गेलात, तर त्या बंद खिडकीवर टकटक करून त्याला एवढं सांगा. लवकर सांगा. त्याच्या बोटांचे घट्टे मऊ पडू लागले आहेत.