भिंतीवरचे दोन हात

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा पंप आहे. चुडाव्याच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एक वाडी आहे. तिथे मल्हारी धनगराच्या घरात मी खुंटीला लटकलेलो असतो. माझ्या पोटाला गंज चढला आहे आणि तोंड चुन्याने बुजले आहे. तरी रोज सकाळी मला समोरची भिंत दिसते आणि ती दिसली की मी आजही थक्क होतो. मला खरे तर त्या भिंतीचीच गोष्ट सांगायची आहे. माझी गोष्ट तिच्यात आपोआप येईल.

माझे रूप सांगायचे तर त्यात फार काही नाही. हातभर लांब नळकांडे, त्यात मागेपुढे सरकणारा दांडा, दांड्याला लाकडी मूठ आणि पुढच्या टोकाखाली एक डबी. डबीत काही पातळ भरून दांडा दाबला की माझ्या तोंडातून धुके निघते. मला तेवढेच येते. हैदराबादेत टिनकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने घासलेटच्या रिकाम्या डब्यातून मला घडवले. दांड्याच्या टोकाला त्याने कातड्याची गोल चकती बसवली, पोटात पाणी भरले आणि उन्हात उभे राहून माझा पहिला श्वास सोडला. त्या धुक्यात इवलेसे इंद्रधनुष्य उमटले! ते माझ्यातून निघाले यावर माझाच विश्वास बसेना. म्हाताऱ्याने मात्र जांभई दिली आणि मला इतर पंपांच्या ढिगात टाकले.

तिथून आगगाडीने मी परभणीच्या बाजारात आलो. निजामाचे राज्य जाऊन थोडी वर्षे झाली होती. हिवताप खात्याची माणसे पाठीवर मोठमोठे पंप घेऊन गावोगाव फिरत आणि घराघरांत औषध मारत. त्यांचा रुबाब मल्हारीच्या डोळ्यांत भरला होता. लोकर विकायला तो बाजारात आला, तेव्हा मला पाहून थांबला.

"ह्यानं गोचीड मरंल का?" त्याने विचारले.

"मरंल की! हत्ती मरंल," दुकानदार म्हणाला. मी तेव्हाच मनात म्हटले की आता आपली धडगत नाही.

मल्हारीने माझ्यात कडुनिंबाचे तेल भरले आणि कळपात शिरून दांडा दाबला. माझा तो फुस्स आवाज ऐकताच सगळ्या मेंढ्या शेपट्या उडवत नाल्यापलीकडे पसार झाल्या. त्यांना गोळा करता करता दिवस मावळला. घरी आल्यावर मल्हारीने मला ज्वारीच्या कणगीमागे फेकून दिले. स्वस्तातली वस्तू अशीच एका झटक्यात नजरेतून उतरते. मी तिथेच धूळ खात पडलो आणि तिथूनच मला ती भिंत पहिल्यांदा दिसली.

घरातल्या इतर भिंती पांढऱ्या होत्या. ही एकटी मातीच्या रंगाची, धुराने काळवंडलेली. तिच्या मधोमध दोन हात होते. मनकर्णा नवरी होऊन या घरात आली, तेव्हा तिने तेलात कालवलेल्या कुंकवात तळवे बुडवून ते उमटवले होते. तिची लेक नर्मदा रांगत होती, तेव्हाच मनकर्णा तापाने गेली. तिचा फोटो कुठला असणार? नर्मदेला आईचा चेहरा ठाऊक नव्हता, हात तेवढे ठाऊक होते. रोज सकाळी पाणी आणायला निघताना ती त्या ठशांवर आपले तळवे ठेवायची. लहानपणी तिचे हात त्या ठशांत हरवून जात म्हणे. मी पाहिले तेव्हा ते अगदी नेमके बसत होते. माणसाचा हात वाढत वाढत आईच्या हाताएवढा होतो, हे मला त्या घरात कळले.

हे सगळे चुलीपाशी बसून आणखी एक जण पाहत असे. ती कासाबाई. तिचा पहिला नवरा गेला होता. मल्हारीने तिच्याशी पाट लावून तिला घरी आणले होते. पाटाच्या बाईला वाजंत्री नसे, मिरवणूक नसे आणि भिंतीवर हात उमटवायचा मानही नसे. ती दिवेलागणीनंतर गुपचूप घरात आली आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. नर्मदेला तिनेच न्हाऊमाखू घातले, तिनेच वाढवले. दरवर्षी दिवाळीला ती घर सारवायची, चुना द्यायची, पण त्या भिंतीला कुंचा लावायची नाही. कुणी तिला तसे सांगितले नव्हते.

नर्मदेचे लग्न ठरले आणि मल्हारीची थोरली बहीण धुरपताबाई पुढची तयारी बघायला येऊन ठेपली. तिचा शब्द घरात कुणी मोडत नसे. आल्या आल्या तिची नजर भिंतीवर गेली.

"सोयरे हिच्यासमोर बसवणार का? चुना द्या पुऱ्या भितीला."

"आक्का, तिथं मनकर्णाबाईचे हात हायेत," कासाबाई हळूच म्हणाली.

"मला ठाव हाय. पर काळ्या भितीसमोर लेकीचं लगीन लावतेत का कुठं?"

मल्हारी तंबाखू मळत राहिला. नर्मदा म्हणाली, "द्या चुना. माझं काय न्हाई." एवढे बोलून तिने घागर उचलली आणि ती बाहेर पडली. घागर भरलेलीच होती. हे फक्त कासाबाईच्या ध्यानात आले, आणि माझ्या.

कुंच्याने चुना मारताना कितीही जपले तरी ओघळ येतात. ते ठसे पुसायला एक ओघळ पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बन्सीधर आला. तो पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये डब्यांना रंग द्यायचा. भाचीच्या लग्नासाठी घराचे दार रंगवायला हिरव्या तेलरंगाचा डबा त्याने आणला होता. ब्रश शोधता शोधता त्याच्या हाती मी लागलो.

"कासे, हा तर रंगाचा पंप! आमच्या शेडात असाच हाय, फकत मोठा, मशीनवर चालतो."

"त्यो गोचिडाचा हाय," मल्हारी म्हणाला.

"दाजी, गोचीड तर एक मेला न्हाई म्हणे!"

बन्सीधरने रंगात टर्पेन्टाईन घालून तो पातळ केला, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळला आणि माझ्या डबीत भरला. मग त्याने मला कासाबाईच्या हातात दिले. "हातभर लांब धर. दाराच्या भाईर सुरू कर अन् भाईरच नेऊन सोड. मधी हात थांबू देऊ नको, थांबला की वघळ आलाच."

ती घाबरत घाबरत दांडा दाबू लागली. मित्रांनो, काय सांगू! माझ्या तोंडून हिरवे धुके निघाले आणि दारावर अलगद जाऊन बसले. कुंच्याचा ओरखडा नाही, बोटाचा डाग नाही. मी दाराला शिवलोही नव्हतो, तरी दार रंगत होते. मी आजवर कशासाठी जन्मलो ते मला कळत नव्हते, ते त्या दुपारी कळले. कासाबाईही तोंडावर पदर धरून बघतच राहिली. तेवढ्यात एक कोकरू धुक्यातून उड्या मारत गेले आणि पाठीवर हिरवी झूल घेऊन बाहेर पडले. लग्न होईपर्यंत त्याला सगळे नवरदेव म्हणत होते.

आणि मग वारा आला. अंगणात बायका जेवणावळीसाठी पळसाच्या पत्रावळी लावत होत्या. त्यातली एक उडाली आणि ओल्या दाराला चिकटली. कासाबाईचा हात चालूच होता, पत्रावळीवरूनही रंग गेला. बन्सीधरने पत्रावळ सोडवली, तर खाली लाकूड कोरडेच होते आणि भोवती पानांच्या कडांची महिरप उमटली होती.

कासाबाई कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. मग ती एकदम वळली आणि म्हणाली, "बन्सी, चुनाबी गाळून मारता येतो का रं ह्यानं?"

"येतो की, पातळ पाहिजे. पर कामून?"

ढिगातून दोन चांगल्या, मोठ्या पत्रावळी निवडून तिने बाजूला ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कडाक्याची थंडी पडली होती. चुना नीळ घालून, गाळून तयार होता. आपल्या हातूनही काही व्हावे असे मल्हारीला वाटले असणार. माझा दांडा जड चालतो म्हणून त्याने तो बाहेर काढला आणि कातड्याच्या चकतीला मेंढीची चरबी चोपडली. तो आपल्या वहाणांना चोपडायचा, तशीच, सढळ हाताने. कातडे दिसले की चरबी लावायची, एवढे धनगराला पक्के माहीत! मला मात्र ते सहन होणारे नव्हते. चरबी थंडीत थिजली आणि तिची गुठळी माझ्या नळीत येऊन बसली.

नर्मदेने पहिली पत्रावळ कडांना खळ लावून उजव्या ठशावर चिकटवली. कासाबाईने मला उचलले. भिंतीचा वरचा भाग निळसर पांढरा होत गेला. मग नर्मदा दुसरी पत्रावळ घ्यायला वाकली, आणि तेवढ्यात माझा श्वास कोंडला. कासाबाईने जोर लावला. मी खोकलो. चुन्याचा आणि चरबीचा गोळा सुटला आणि मनकर्णेच्या डाव्या हातावर जाऊन आदळला.

"अगागा!" म्हणत मल्हारी धावला आणि त्याने घाईघाईने धोतराच्या सोग्याने तो डाग पुसला. डाग गेला आणि त्याच्याबरोबर हातही गेला. तिथे लालसर फराटा तेवढा उरला.

मग धुरपताबाई म्हणाली, "शेवटी पुसलासच की सवतीचा हात."

"आक्का, चरबी म्या लावली! पुसलंबी म्याच!" मल्हारी ओरडला. पण सुटलेला शब्द माघारी येतो कुठे? कासाबाईने मला खाली ठेवले आणि भिंतीकडे पाठ करून ती बसली. मला इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही. मी पत्र्याचा होतो म्हणून, नाहीतर तिथेच विरघळून गेलो असतो.

बन्सीधरने मुकाट्याने गरम पाणी आणले, नळीत सुई घालून चरबी काढली आणि मला धुऊन पुसून चुना भरला. मला कुणी उचलायचे, हा प्रश्नच होता. नर्मदेने उचलले. तिने आधी उजव्या ठशाभोवतीचे काम पुरे केले. मग कासाबाईचे मनगट धरून तिला उठवले आणि तिचा डावा तळवा त्या पुसलेल्या जागेवर नेऊन टेकवला.

कासाबाईने हात मागे ओढला. "काय करायलीस पोरी! पाटाच्या बाईचा हात भितीवर नसतो लावत. लगीन हाय तुझं, अपशकुन होईल."

"मंग कुणाचा लावू?" नर्मदा म्हणाली. "मला ताप आला की कपाळावर कुणाचा हात असायचा? सांग की. त्या हाताला अपशकुन म्हणतेत का?"

कासाबाईने धुरपताबाईकडे पाहिले. धुरपताबाई क्षणभर घुटमळली. मग पुढे आली आणि तिने कासाबाईच्या हातातली काकणे कोपराकडे सारून धरली.

"भितीला नीट टेकव," ती म्हणाली. "हात हलला तर बोटं फिसकटतील."

नर्मदेने दांडा दाबला. मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मऊ श्वास सोडला. धुके त्या हातावर बसले, बोटांच्या मधल्या फटींत शिरले, चुलीच्या चटक्यांच्या जुन्या डागांवरून गेले. मग नर्मदेने एका हाताने पत्रावळ उतरवली आणि कासाबाईने आपला तळवा उचलला.

उजवीकडे पानांच्या महिरपीत मनकर्णेचा कुंकवाचा हात होता. डावीकडे निळसर चुन्यात मातीच्या रंगाचा हात होता, घराच्या मूळ मातीचा, त्यात जुन्या कुंकवाची जराशी लाली. कासाबाईच्या हाताला रंग लावलेलाच नव्हता. तिचा हात जिथे होता, तिथे मी पोचलो नाही, इतकेच. आणि तरी तो पाची बोटांनी स्पष्ट उभा होता. मी आजवर एवढे रंगवले, पण अशी नवलाई पुन्हा पाहिली नाही. एका आईचा उजवा आणि एका आईचा डावा, मिळून जोडी झाली होती. नर्मदेने दोन्हींवर आपले तळवे ठेवले आणि ती पोटभर रडली. मल्हारीने तोंड फिरवले आणि उगाच चुन्याची बादली हलवली.

लग्न त्या भिंतीसमोरच लागले. सोयऱ्यांनी भिंतीचे कौतुक केले आणि माझेही केले. त्यानंतर माझे दिवस फिरले. कुणाची पेटी, कुणाचा पाळणा, कुणाच्या खिडक्या, अशी वाडीभर माझी वरात निघे. कासाबाई दर वेळी मला धुऊन, उपडा करून वाळवायची. पण एकदा कुणीतरी मला नेले आणि काम झाल्यावर तसाच, पोटात चुना ठेवून, परत आणून टाकले. चुना आतल्या आत वाळला. गरम पाणी झाले, सुई झाली, काही चालले नाही. माझा श्वास कायमचा बंद झाला. कासाबाईने मला भंगारात दिले नाही, भिंतीसमोरच्या या खुंटीला अडकवले.

आता दिवाळीला चुना कुंच्याने देतात. पण त्या दोन हातांपाशी आले की कासाबाई कुंचा खाली ठेवते. आधी मनकर्णेच्या हाताभोवती बोटाने चुना लावते, तिळाएवढाही आत जाऊ देत नाही. स्वतःच्या हातावर मात्र ती सरळ चुना फासायला निघते. म्हणून नर्मदा दिवाळीला आदल्या दिवशीच माहेरी येते आणि तो हात ती स्वतःच्या बोटाने जपते. तिची पोरे विचारतात, "ह्यातली आजी कोणती?" ती म्हणते, "दोघीबी."

मित्रांनो, माझ्यासारखी स्वस्तातली वस्तू तुमच्याही घरी असेल. काम झाले की तिला धुऊन ठेवा, तिलाही श्वास असतो. आणि कोणतीही भिंत रंगवायला घेण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा. तिच्यावर कुणाचा हात असेल तर तो झाकून घ्या. आणि ज्या हाताला तिथे कधी जागाच मिळाली नाही, तोही घरातच कुठेतरी भाकरी थापत असेल, त्याला आधी बोलावून आणा.