ओल

झाडं पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा पाण्यानं जास्त मरतात, हे ताईनं आजवर इतक्या जणांना सांगितलं होतं, की अलीकडे तिनं सांगणंच सोडून दिलं होतं. धाकट्या भावानं लहानपणी 'ताई' म्हणायला सुरुवात केली, मग आईसकट सगळी तेच म्हणू लागली, आणि कामावरही तेच नाव चिकटलं. काम म्हणजे एका मोठ्या कचेरीतल्या कुंड्या आणि इमारतीपुढची हिरवळ सांभाळायची. हिरवळ जरा पिवळी पडली की व्यवस्थापक म्हणायचे, "पाणी वाढवा." पाणी वाढवलं की जमीन बुळबुळीत व्हायची, कडेनं शेवाळ धरायचं, आणि मग मुळांना हवा लागावी म्हणून ताई उकिडवी बसून सळईनं भोकं पाडत राहायची. आतल्या कुंड्यांची तऱ्हा निराळी. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला झाडाची दया यायची, आणि दया म्हणजे बाटलीत उरलेलं पाणी नाहीतर कपात उरलेला चहा.

संध्याकाळी घरी पोचलं की तिची दुसरी पाळी सुरू व्हायची. आई कितीतरी महिने अंथरुणाला खिळली होती. दिवसभर शेजारच्या काकू येऊनजाऊन बघायच्या, पण अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं ताईचंच. आईचे पाय सुजले होते. घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, "अंगात पाणी साठतंय. पाणी बेतानंच द्या." ताईला हसू आलं होतं, पण हसायलाही अंगात काही उरावं लागतं.

त्याच सुमारास कचेरीच्या दारातलं रबराचं झाड गेल्यात जमा झालं. रुंद पानं पिवळी पडून गळत होती आणि मातीला आंबूस वास येत होता. "टाकून द्या," व्यवस्थापक म्हणाले. का कोण जाणे, ताईला ते टाकवेना. बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन ती घरी आली, मागच्या मोरीत तिनं झाड उपटून काढलं आणि कुजून काळी पडलेली मुळं कात्रीनं छाटायला बसली. आतून आई कण्हली.

"काय गं?"

"कुणीतरी पाय ओढल्यासारखं झालं."

"पेटका आला असेल. आले हं."

कोरड्या, भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावून तिनं कुंडी आईच्या खोलीत खिडकीशी ठेवली आणि पाणी अजिबात घातलं नाही. माती वरून सुकली, मग खालपर्यंत सुकली, आणि तसतशी आईच्या पायांची सूजही उतरत गेली. "औषध लागू पडलं," डॉक्टर समाधानानं म्हणाले.

भाऊ अधूनमधून यायचा. यायचा तेव्हा मनापासून यायचा, आईशेजारी बसून तिचा हात हातात घ्यायचा, ताईला म्हणायचा, "तू जरा पड, मी आहे." तसा तो एका रविवारी आला, आणि ताई खरोखरच पडली. उठून पाहते तर आईचे पाय पुन्हा टम्म फुगलेले.

"आईला पाणी पाजलंस?"

"घोटभरसुद्धा नाही गं. ती झोपलीच होती." मग त्याला आठवलं. "हां, या झाडाला मात्र घातलं तांब्याभर. माती अगदी कोरडी ठणठणीत झाली होती."

कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी ताईनं ओतून टाकलं आणि कुंडी उन्हात नेऊन ठेवली. अंधार पडायच्या आत आईच्या घोट्याचं हाड दिसू लागलं. "तुझ्या हाताला गुण आहे बघ," निघताना भाऊ म्हणाला.

यावर ताईनं फारसा विचार केला असं नाही. थकलेलं माणूस विचार करत बसत नाही. जे लागू पडतं ते करतं आणि मुकाट्यानं पुढच्या कामाला लागतं. तिनं झाडाला पाणी बेतानं घालायला सुरुवात केली, आधी मातीत बोट खुपसून बघायचं आणि मगच घालायचं, आणि आईची सूज परत आली नाही. पुढे आईनं अन्न सोडलं, चमचा ओठांशी नेला की मान फिरवायला लागली, तेव्हा ताईनं कचेरीतून पातळ खताची बाटली आणली आणि पाण्यात झाकणभर कालवून कुंडीत घातलं. दुसऱ्या दिवशी आईच्या गालांवर रंग होता. "पोट भरलंय गं," ती म्हणाली, अगदी तृप्त आवाजात. बाळाला पाजून झाल्यावर ते जसं सुस्तावतं, तशी ती डोळे मिटून पडली होती.

एकदा डोळ्यांवर झापड असताना ताईकडून खत पाण्यात न कालवताच ओतलं गेलं. सकाळी नव्या पानांची टोकं करपली होती. तिनं मागं वळून पलंगाकडं पाहिलं नाही. आधी चहा केला, आवरलं, आणि मग आईची नखं काढायला बसली. आईच्या बोटांची टोकं तपकिरी पडली होती, जुन्या कागदासारखी. डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली. "वयोमानानं होतं असं." ते गेल्यावर ताईनं कुंडी मोरीत नेली, नळ सोडला, आणि सगळं खत धुऊन निघेपर्यंत पाणी वाहू दिलं. तोवर खोलीत आईला दरदरून घाम सुटला होता. चादर पुन्हापुन्हा बदलावी लागली.

मग एकदा असं झालं, की ती कामावरून आली, मातीत बोट घातलं, माती कोरडी होती, आणि तिनं पाणी घातलं नाही. काही ठरवून नाही. उद्या घालू, एवढंच. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. पानं देठातून झुकली. आईचा आवाज आधी बारीक झाला, मग नुसताच श्वास उरला. काकू म्हणाल्या, "सुटेल बिचारी आता. तूही सुटशील." त्या संध्याकाळी ताई भरलेला तांब्या हातात धरून खिडकीशी बसून राहिली. तिला कुणी बोल लावला नसता. तिला स्वतःलाही कळलं नसतं, की आपण काही केलं म्हणून. कारण केलं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं तिचा हात आपोआप कलला. तिनं घोटघोट पाणी घातलं, थांबत थांबत, ठसका लागू नये अशा बेतानं. पलंगावर आईच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

दोन-चार दिवसांत आई सावरली. ताई तिचे केस विंचरत होती, तेव्हा ती म्हणाली, "किती जपून पाणी घालतेस गं मला."

ताईचा हात थांबला. माणसाला पाणी देतात, पाजतात. घालतात ते झाडाला.

"पाजते, आई."

"तेच ते." आईनं करपलेली बोटं उचलून लेकीच्या गालावर टेकवली, ओठांच्या चिरांवरून फिरवली. बराच वेळ ती तिला न्याहाळत होती. "तू मात्र पार सुकलीस. तुझं कोण बघतं? तुला कुठं ठेवलंय गं?"

ताईनं फणीत अडकलेले केस काढले. ते आईचे पांढरे नव्हते, तिचे स्वतःचेच होते, तिच्या पदरावरून फणीत आलेले. मग ती कामावर गेली.

त्या दिवशी तिनं हिरवळीला हातही लावला नाही. ती कचेरीच्या एकेका मजल्यावरून फिरली आणि दिसेल त्या कुंडीत बोट खुपसून पाहत गेली. ओली. ओली. बेताची ओली. लोक वाट देत होते, कुणी हसतही होतं. शेवटच्या मजल्यावरचं दुसऱ्या कुणाचं तरी ऑफिस कधीचंच रिकामं झालं होतं, काचेच्या दाराला कुलूप होतं. आत टेबलं उचलून नेल्याच्या खुणा होत्या आणि कोपऱ्यात, नेणाऱ्यांनी मागं सोडलेली, एक कुंडी. झाड इतकं सुकलं होतं, की कसलं ते ओळखू येत नव्हतं.

"चावी कुणाकडं असते?"

"मालकांकडं," पहारेकरी म्हणाला. "ते आता इकडं फिरकत नाहीत. का हो?"

ताईनं काचेवर तळहात टेकवला. आत वाऱ्याची झुळूक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी एक पान देठापासून सुटलं, आणि तिला मटकन जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं.

"चक्कर आली का, ताई? घ्या, पाणी घ्या," म्हणत त्यानं आपली बाटली पुढं केली.

काचेवरची नजर न हलवता ताईनं अख्खी बाटली रिकामी केली. ओठ ओले झाले, तेवढेच.